नवलाची नोंद कोण ठेवणार?

जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या पुळणीवर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. थंडी पडली की या किनाऱ्यावर कासवं येतातच, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तिच्या परावरच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावरच्या, धातूच्या पट्टीवर कोरलेला आकडा: 03233. किनाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्यांनी तो वाचला, वर कळवला आणि उलगडा झाला की ही पट्टी मार्च 2021 मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली आहे. बंगालच्या उपसागरातलं एक कासव सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून, देशाला वळसा घालून कोकणात विणीला आलं होतं. पूर्व किनाऱ्यावरची कासवं तिकडची आणि पश्चिम किनाऱ्यावरची इकडची, असं आजवर धरून चाललेल्या अभ्यासकांना त्यामुळे नव्याने विचार करावा लागला.

एवढी मोठी गोष्ट कळली ती कुणीतरी वाळूत वाकून एका परावरचा आकडा नीट बघितला म्हणून. कासव अंडी घालून निघून गेलं असतं, पट्टी तशीच राहिली असती आणि आपल्याला काहीच कळलं नसतं.

असं वाकून बघणारी माणसं कोकणात वाडीवाडीत आहेत. चमत्कारिक प्राणी, हाताने घडवलेली वस्तू, सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची, न उलगडणारी खूण, असलं काही दिसलं की ती थांबतात. त्यांच्या या कौतुकाला आपण फावल्या वेळचा नाद समजतो. माझ्या मते ती गावाची सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिची व्यवस्था लावणं हे पंचायतीचं आणि शाळेचं काम आहे. रस्ता, नळ, स्मशानशेड यांची मागणी ग्रामसभेत होते, तशीच या कौतुकाला एक जागा, एक वही आणि थोडा निधी द्या, ही मागणीही झाली पाहिजे.

रापण ओढताना बघा. जाळं किनाऱ्याला लागलं की मोठ्यांची नजर बांगडे-तारल्यांच्या ढिगावर जाते. पोरांची नजर असते कडेला फेकलेल्या मालावर. फुगून गोल झालेला केंड, शेपटीला काटा असलेलं पाकट, पाच हातांचा तारामासा, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा. एखादा पोरगा त्यातलं काहीतरी उचलतो आणि विचारतो, "काका, ह्या काय असा?" उत्तर ठरलेलं असतं, "टाक ता, खावच्या उपयोगाचा नाय." काकांचं चुकत नाही. त्यांना पाटी भरून लिलावाला न्यायची असते. पण त्या पोराचा प्रश्न तिथे वाळूतच राहतो आणि दहा वर्षांनी तो पोरगाही तेच उत्तर देऊ लागतो.

दुसरीकडे, ओहोटीला खडकावरची कालवं फोडणाऱ्या किंवा चिखलातून मुळे, म्हणजे शिंपल्यांतले जीव, काढणाऱ्या बायकांना जे ठाऊक असतं ते कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. कुठल्या कातळाच्या कपारीत काय राहतं, कुठल्या भरतीनंतर काय दिसतं, पूर्वी पाटीभर मिळणारं काय आता शोधूनही सापडत नाही. एखाद्याला वाहून आलेल्या ओंडक्यात मोर दिसतो आणि तो पावसाळाभर पडवीत बसून तो मोर मोकळा करतो. एखादा करवंटी घासून घासून तिचा दिवा करतो. एखादीच्या घरी तिच्या आजीने विणलेल्या तोरणाचा नमुना जपलेला असतो आणि बघायला येणाऱ्याला ती तो टाका दाखवायला कधी कंटाळत नाही. गावात या माणसांना प्रेमाने 'खुळो' म्हणतात. प्रेमाने म्हणतात हे खरं, पण त्या शब्दाबरोबर त्यांचं म्हणणं बाजूलाही ठेवतात.

कोकणाबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काही नवं कळलं, त्यातला मोठा वाटा अशाच माणसांचा आहे.

कातळशिल्पांचंच घ्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कोरलेल्या आकृतींचा शोध सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. रिसबूड पेशाने अभियंता. सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घालायचे, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारायचं, 'इथे कातळावर काही चितारलेलं आहे का?' आणि मातीखाली, गवताखाली गेलेलं चित्र झाडूने साफ करायचं, असं ते काम होतं. काही शिल्पं गावकऱ्यांना आधीपासून माहीत होती, काहींची पूजाही होत असे. कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती निघाला आणि त्याच्या अंगातच कितीतरी छोटे प्राणी कोरलेले निघाले. काही आकृतींमध्ये तर गेंडा आणि पाणघोडा ओळखता येतात, जे आज कोकणात कुठेच नाहीत. 2022 मध्ये या शिल्पांच्या नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. रत्नागिरीतल्या उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचं गोठणं, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातली फणसामाळ.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भावतं ते शिल्पं कोरणाऱ्यांचं मन. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी किनाऱ्यावर पाकट बघितलं, मासा बघितला, कुठलंसं मोठं जनावर बघितलं, आणि ते इतकं नवलाचं वाटलं की जांभ्याच्या कठीण कातळावर ते कोरायला बसला. रापणीच्या कडेला उभा असलेला पोरगा त्याच माणसाच्या जातकुळीचा आहे.

कौतुकाची दखल घेतली की काय होतं, याची आणखी दोन उदाहरणं देतो, कारण ती आपल्याच मातीतली असून आपल्यालाच फारशी माहीत नसतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावात सापडलेल्या एका देवगांडुळाचं 2003 मध्ये नवी प्रजाती म्हणून जगासमोर वर्णन झालं. देवगांडूळ हा बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर. दिसायला मोठ्या गांडुळासारखा किंवा सापाच्या पिल्लासारखा, म्हणून बागेत कुदळ मारताना निघाला की बहुतेक वेळा तिथेच ठेचला जातो. माणसाला त्याचा धोका नाही, तो कुणाच्या अध्यातमध्यात नाही. दुसरं उदाहरण आंबोलीचं. सावंतवाडी तालुक्यातल्या या गावी हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे आणि तिथल्या कुंडात एक बोटाएवढा मासा राहतो. देवाचं पाणी म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावला नव्हता. 2020 मध्ये तो विज्ञानाला नवा असल्याचं जाहीर झालं, त्याच्या नावात हिरण्यकेशी आली आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटाएवढ्या माशासाठी एक जागा राखली गेली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण उत्सुकतेला दुसरीही वाट फुटते आणि ती बाजाराकडे जाते.

खवले मांजर पाहिलेला माणूस ते कधी विसरत नाही. अंगभर कौलांसारखी बसलेली खवलं, लांब चिकट जीभ, पुढच्या पायांची वाकडी नखं आणि माणसाची चाहूल लागताच स्वतःला गुंडाळून केलेला चेंडू. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं अन्न, म्हणजे शेतकऱ्याचा तो सोबतीच. त्याचा चेंडू बिबट्यालाही सहजी उलगडत नाही. माणसापुढे मात्र हीच युक्ती त्याच्या जिवावर येते, कारण गुंडाळलेला प्राणी पोत्यात टाकायला फार सोपा. त्याच्या खवलांत औषधी काही नाही. ती आपल्या नखांच्याच द्रव्याची असतात. तरी परदेशातल्या बाजारासाठी त्यांची चोरटी विक्री होते, आणि त्या साखळीचं पहिलं टोक आपल्याकडच्या एखाद्या वाडीत असतं.

मांडुळाचंही तेच. बिनविषारी, शांत, जमिनीत घुसून राहणारा साप. त्याचं शेपूट बोथट असतं, तोंडासारखं दिसतं, त्यामुळे हल्ला करणारा फसतो. या सुंदर युक्तीवरून 'दुतोंड्या'ची दंतकथा झाली, दंतकथेवरून 'धन मिळतं' ही अफवा झाली आणि अफवेवरून लाखोंचे सौदे सुरू झाले. अलीकडच्या काही वर्षांत त्यात 'व्हेलच्या उलटी'ची भर पडली. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, त्याने खाल्लेल्या माखल्यांच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होणारा हा पदार्थ क्वचित किनाऱ्याला लागतो. तो बाळगणं आणि विकणं आपल्या कायद्याने गुन्हा आहे. तरी कोकणातल्या चांगल्या घरांतली तरुण मुलं या व्यवहारात पकडली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या कितीजणांनी स्पर्म व्हेल कसा दिसतो, तो किती खोल बुडी मारतो, याचा कधी विचार केला असेल? त्यांच्यापर्यंत त्या प्राण्याचा फक्त दर पोचला होता.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. प्राण्याबद्दलची माहिती आणि प्राण्याचा भाव यांची शर्यत लागलेली असते आणि भाव फोनवरून एका रात्रीत पोचतो. माहिती पोचवायला माणसं लागतात, शाळा लागते, वर्षं लागतात. ज्या गावात आधी माहिती पोचली तिथे चित्र पालटलेलं दिसतं. वन्यजीव कायदा 1972 पासून आहे, तो हवाच, पण वनरक्षक प्रत्येक सड्यावर आणि प्रत्येक पुळणीवर उभा राहू शकत नाही. गावातली माणसं तिथेच राहतात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पूर्वी कासवाची घरटी माणसं आणि कोल्हे-कुत्रे मिळून रिकामी करत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास तिथे काम सुरू केलं, गावातल्याच तरुणांना सोबत घेतलं, अंडी सुरक्षित जागी हलवायची पद्धत बसवली. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. 2006 पासून पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोकांना बोलावलं जाऊ लागलं. गावाने पाहुण्यांना आपल्या घरात ठेवलं, जेवू घातलं. ज्या घरांत एके काळी अंडी यायची, त्या घरांतल्या बायका आज पाहुण्यांना कासवाचं आयुष्य समजावून सांगतात. 2022 मध्ये उपग्रह यंत्र बसवून सोडलेल्या पाच माद्यांना प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री अशी नावं दिली गेली आणि त्या कुठवर पोचल्या याची चौकशी किनाऱ्यावरची माणसं घरच्या लेकीबाळींची करावी तशी करत होती. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने तर 2020 मध्ये जागतिक खवले मांजर दिनाला खवलोत्सव केला. खवले मांजराच्या प्रतिकृतीला पालखीचा मान दिला. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीसमोर नाचणाऱ्या माणसांना त्या मानाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पालखीत बसलेल्याला कुणी पोत्यात घालत नाही.

हाताने घडवलेल्या वस्तूंचं या सगळ्याशी नातं काय, असं कुणी विचारील. माझ्या दृष्टीने नातं सख्खं आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबा, लाकडी केळं, लाकडी वांगं हातात घेऊन बघा. खोटं फळ आहे हे कळत असूनही बोट त्यावरून फिरतच राहतं. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड, त्यावर रंग आणि लाखेची झिलई. पांगारा आपल्या बांधावर, कुंपणात उभा असतो, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलतो आणि आपण त्याला कुंपणाचं झाड म्हणून सोडून देतो. चितारआळीतल्या कारागिराला मात्र त्याच्या लाकडाचा स्वभाव पाठ असतो. कारागिरी टिकवायची तर पांगारा टिकायला हवा, आणि पांगारा कशासाठी टिकवायचा हे सांगणारी कारागिरीच असते.

गंजिफाची कथा यात सगळ्यांत बोलकी आहे. हे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. एकूण 120 पानं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे मासा, कासव, रानडुक्कर आणि अर्धा सिंह, हे सगळं वीतभराहून लहान वर्तुळात बारीक कुंचल्याने बसवायचं. कागदाला चिंचोक्याची खळ, वर लाखेचा हात. छापील पत्ते आले, खेळणारे गेले आणि ही विद्या येणारे हातही जवळजवळ संपले होते. अशा वेळी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जाणत्या चितारी कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभं केलं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसून पत्ते रंगवणारे कलाकार आजही बघायला मिळतात. गंजिफा आणि सावंतवाडीची लाकडी कारागिरी यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकन मिळालं हे चांगलंच झालं. पण गंजिफा वाचला तो त्याच्या कितीतरी आधी, 'हे कसं करतात, मला दाखवा' असं कुणीतरी मनापासून विचारलं तेव्हा. कुडाळजवळच्या पिंगुळीतही तेच घडलं. ठाकर समाजाची चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या परशुराम गंगावणे यांनी जपल्या. त्यासाठी त्यांनी आपला गोठा रिकामा करून तिथे संग्रहालय मांडलं. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारचा सन्मान यायच्या कितीतरी आधी त्या गोठ्यात येणाऱ्या प्रत्येकाला बाहुलीची दोरी धरून दाखवली जात होती. वस्तू विकत घेणं आणि वस्तू कशी होते ते बघणं यांत फरक आहे. विकत घेणाऱ्याला किंमत जास्त वाटू शकते, घासाघीस करावीशी वाटते. एकदा शेजारी बसून कुंचला चालताना बघितला की माणूस घासाघीस करत नाही. म्हणून शाळेच्या सहलींनी किल्ला आणि समुद्र दाखवून परतू नये. अर्धा दिवस चितारआळीत किंवा पिंगुळीत, मुलांच्या हातात कुंचला देऊन काढावा.

आता मूळ मागणीकडे येतो. जे मी मागतोय त्याची तरतूद कायद्यात आधीच आहे. जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. गावातले प्राणी, झाडं, त्यांचे उपयोग आणि त्यांच्याविषयीचं पारंपरिक ज्ञान त्यात यायला हवं. माधव गाडगीळांनी ही कल्पना रुजवण्यासाठी आयुष्यातली कित्येक वर्षं दिली. गावाला आपल्या भोवतालचं जे ठाऊक आहे ते गावानेच लिहावं, असा तिचा आत्मा आहे.

प्रत्यक्षात काय झालं? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये राज्यांना बजावलं की 31 जानेवारी 2020 पर्यंत हे काम पुरं करा, नाहीतर दरमहा 10 लाख रुपये भरा. तारखेच्या धाकाने वह्या तयार झाल्या. अशा काही वह्या मी चाळल्या आहेत. आंबा, काजू, फणस, नारळ. गाय, म्हैस, कुत्रा. शेजारच्या गावच्या वहीतही तेच, त्याच क्रमाने. गावाचं नाव झाकलं तर ओळखता येणार नाही की ही खाडीकाठची वही आहे की घाटाखालची. देवगांडूळ नाही, कातळावरच्या पावसाळी डबक्यांत महिनाभर जगणारं काही नाही, करवंटीचा दिवा करणारा नाही, ओहोटीच्या बायकांचं शहाणपण तर कुठेच नाही. कपाटात वही आहे, म्हणून कागदोपत्री गावाला आपलं धन माहीत आहे.

ही वही खुळ्यांच्या हातात द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. समितीवर पक्षाचे कार्यकर्ते नेमण्याऐवजी रापणीवरचा जाणता खारवी, गाबित किंवा भोई, कालवं काढणारी एखादी आजी, एखादा सुतार किंवा चितारी, साप ओळखणारा तरुण आणि आठवी-नववीची दोन-चार मुलं घ्या. वही दर पावसाळ्यानंतर आणि दर शिमग्यानंतर उघडा. लिहिणारा हायस्कूलचा विद्यार्थी असावा आणि सांगणारं कोण हे नावासकट लिहावं, कारण ज्याचं ज्ञान त्याचं नाव त्यावर असलं पाहिजे. गावठी नाव आधी, पुस्तकी नाव नंतर. मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमातून ओहोटीच्या वेळी शहरातल्या किनाऱ्यावरचे जीव नोंदवले जातात, साध्या माणसांना सोबत घेऊन. एवढ्या गजबजलेल्या, एवढ्या मैल्या पाण्यात माणसं समुद्री गोगलगाई आणि प्रवाळ शोधून नोंदवतात. मग देवगड, जयगड, दाभोळ, श्रीवर्धनला काय अडचण आहे?

यावर आक्षेप येतील आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला असा की नोंद केली म्हणजे चोराला पत्ता दिला. हे मला पटतं. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर गुहांमध्ये घरटी करणाऱ्या पाकोळ्यांची घरटी एके काळी चोरून विकली जात, आणि चोरांना पत्ता नेमका माहीत होता. खवले मांजराचं बीळ कुठे आहे हे कुणी छापून लावू नये. म्हणून वहीचे दोन भाग हवेत. एक सगळ्यांसाठी उघडा. दुसरा समितीकडे, कुलपात. नोंदवहीतली माहिती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवण्यात समितीचा शब्द चालला पाहिजे. पण गुप्ततेचं कारण पुढे करून काहीच न लिहिणं हा उपाय नव्हे. चोराला पत्ता असतोच. नसतो तो गावातल्या पोरांना.

दुसरा आक्षेप गर्दीचा. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. स्थानिक माणसं, वनखातं, मच्छीमार यांनी जिवाचं रान केलं, त्याच्या अंगावर पाणी मारत राहिले, ओढून खोल पाण्यात नेलं. पिल्लू वाचलं नाही. त्या दिवसांत किनाऱ्यावर जमलेली माणसंही मला आठवतात, फोन उंच धरून उभी. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. एवढा मोठा जीव समोर दिसल्यावर माणूस धावणारच. पण धावलेल्या माणसाला 'मागे सरका, आवाज करू नका, अंग ओलं ठेवा, श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका' हे आधीपासून ठाऊक असतं तर तीच गर्दी कामाची झाली असती. रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तिथे शाळा जातात. त्याच सहलीत अर्धा तास हेही शिकवता येईल. वेळासलाही दोरीच्या पलीकडे उभं राहावं लागतं आणि पिल्लांना हात लावू दिला जात नाही, त्यामुळे कुणाचं कौतुक कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा आणि त्यावर मला थांबायला हवं. 'बघून पोट भरत नाही,' असं म्हणणाऱ्या माणसाला शिकवायला जाणं बरोबर नाही. वेळासच्या घरांना पाहुण्यांमुळे चार पैसे मिळतात, सावंतवाडीत पत्ते विकले जातात, हे मी आनंदाने सांगतो. पण सगळी मदार पर्यटनावर ठेवायला माझं मन तयार नाही. टाळेबंदीच्या काळात पाहुणे आले नाहीत. कासवं आली. तेव्हा किनाऱ्यावर रात्री फिरणाऱ्याला मजुरी कुणी द्यायची? देवगांडूळ बघायला कुणी कधीच पैसे देऊन येणार नाही. कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. तो निधी या कामाला, मजुरी म्हणून, वापरला जायला हवा. रात्रीची गस्त, पावसाळ्यातली नोंद, कारागिराने शाळेत दिलेले दोन तास, हे सगळं श्रम आहे आणि श्रमाचा दाम ठरलेला असावा. हौशी माणसाने फुकट करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे आपण डोळेझाक करतो. महसुली दप्तरात आपले सडे बहुतेक पडीक किंवा पोटखराबा म्हणून लागलेले असतात. चिऱ्यांची खाण, प्रकल्प, प्लॉट, काहीही येवो, पहिलं वाक्य असतं, 'तिथे आहेच काय?' बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रश्न पेटला तेव्हा तिथली कातळशिल्पं हा चर्चेतला एक ठोस मुद्दा झाला, कारण ती कुणीतरी आधीच शोधून, मोजून, कागदावर आणून ठेवली होती. प्रकल्प हवा की नको यावर गावागावांत मतं वेगळी असतील. पण 'तिथे आहेच काय' याचं उत्तर गावाकडे तयार असणं हा कुठल्याही बाजूच्या माणसाचा हक्क आहे. उत्तर तयार करायला बाहेरून अहवाल मागवायची पाळी येऊ नये.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. पाऊस चालू असतो, सडे फुललेले असतात, मासेमारी नुकती सुरू झालेली असते. या वर्षी विषयपत्रिकेवर एक विषय लेखी घालून घ्या: जैवविविधता नोंदवही सभेत वाचून दाखवणे. कपाटातली वही बाहेर काढायला लावा आणि मोठ्याने वाचायला लावा. काय राहिलं आहे ते लोक लगेच सांगू लागतील. सांगणाऱ्यांची नावं लिहून घ्या आणि त्याच बैठकीत त्यांनाच समितीवर घ्या.